दोन लांब, एक आखूड : रायपूर ते राजिम, छोट्या गाडीनं

काकूंनी भात टाकला आणि तिथंच माझं आयुष्य फिरलं.

शीतलच्या खिडकीखाली त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच मोटारसायकलचा हॉर्न दिला : दोन लांब, एक आखूड. खूण तिचीच. ही तिच्या बाबांची जुनी शिट्टी, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं. तिचे बाबा, वानखेडे काका, म्हणजे छोट्या गाडीचे, नॅरोगेजचे, निवृत्त ड्रायव्हर. वाफेच्या काळात परतताना ते घराजवळच्या तेलीबांधा फाटकापाशी अशीच शिट्टी द्यायचे, की काकू घरात भात टाकायच्या. डिझेल आलं आणि काकांनी शिट्टी सोडली. आणि आता काका समोर खाटेवर बसलेले असतानाही काकूंनी माझा हॉर्न ऐकला नि तांदूळ धुवायला घेतले!

काका बाहेर आले. मी आधीच भडक डोक्याचा, सरांशी भांडून कॉलेज अर्ध्यावर सोडलेला. म्हटलं, आज दोन हात होणार.

"पोट्ट्या, माही शिट्टी तुले कोनं देली?"

"मैंने सिखाई, बाबा," खिडकीतून शीतल.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळी स्टेशनवर ये. राजिमले जाऊ. मंग सांगतो, या घरात तुले यायचं का नाही."

तर मंडळी, ही सहल अशी ठरली. तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवा आणि सुटे पैसे ठेवा. तिकीट समोशाच्या भावात. डबे इतके अरुंद की समोरच्याचे गुडघे आपलेच वाटतात. माझ्यासमोर काकांचे होते.

शहर संपलं की माना स्टेशन, मग धानाची शेतं. मध्येच छत्तीसगडच्या नव्या राजधानीच्या मोजणीचे खुंट. गाडी इतकी निवांत की सायकलवाला हात दाखवून पुढे गेला. छाप पाडायला मी सायबर कॅफेतलं ज्ञान काढलं. "काका, आयर्लंडमध्येही अशा छोट्या गाड्या होत्या. कोळसा बाहेरून आणावा लागे, म्हणून त्यांनी वाफ लवकर सोडली, डिझेल घेतलं."

"बरं. मंग तिथल्या ड्रायव्हरच्या बायका बटाटे कोनत्या शिट्टीवर उकडाले ठेवत?"

हे कुठल्याच वेबसाइटवर नव्हतं. काकांशेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली.

अभनपूरला गाडी थांबते. मुंगोडी, म्हणजे मुगाची भजी, खाच, मिरचीच्या चटणीसोबत. काकांनी इंजिनात पाणी भरायचा जुना नळ दाखवला. कोरडा ठणठणीत, त्याला बकरी बांधलेली.

"काका, शिट्टी काहून सोडली?"

"दोरी वढली का वाफ माह्या हातानं बोले. डिझेलचं बटन कोनीबी दाबते. बटन दाबून बायकोले का सांगू?"

"आणि काकूंनी विचारलं नाही?"

"नाही." मुंगोडी त्यांच्या हातातच राहिली. "मले वाटलं, तिलेबी तसंच वाटत असन."

राजिमला मंदिर पाहिलं, महानदीच्या वाळूत पाय भाजले, टमाटरच्या चटणीशी तांदळाच्या पिठाचा गरम चीला हाणला. पण काकांचं लक्ष नव्हतं. परतीला ते इंजिनाकडे गेले, ओळखीच्या ड्रायव्हरच्या कानाशी काही बोलले आणि परत जागेवर येऊन बसले.

तेलीबांध्याचं फाटक आलं. डिझेलचा तो रेड्यासारखा आवाज : दोन लांब, एक आखूड. काकांनी खिडकीची दांडी घट्ट धरली होती.

स्टेशनवरून रिक्षा केली. दारातच वास आला. चुलीवर पातेलं, झाकण थडथडत होतं.

"उशीर केला तुमी," काकू एवढंच म्हणाल्या. किती वर्षांचा, ते बोलल्या नाहीत.

काकांनी उंबऱ्याशी चपला काढल्या. मग माझ्याकडे वळले. "उद्या जेवाले ये. कॉलेजचंबी बोलू. पन हे शिट्टी माही हाय. तू तुही पाह्य."

दुसऱ्या दिवशी, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या माझ्या खोलीवर आता हे लिहितोय. चपलेतली वाळू झटकली, मुंगोडीची चव गेली. पातेल्याचं ते झाकण मात्र अजून कानात थडथडतंय. आज सकाळपासून अंगणात हॉर्नच्या चाली शोधून राहिलो होतो. शेजारच्या भैयानं बादली उगारली. शेवटी शीतलला फोन केला.

"पागल आहेस का? हॉर्न कशाले? सीधे कडी बजा ना!"

काकू आता भात टाकत असतील. मोटारसायकलची किल्ली खुंटीवरच राहू देतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.