पाठ नसलेलं चिलखत

“ताई, मागची बाजू कुठेय?”

सायलीने चिलखत माझ्या कटिंगच्या टेबलावर उपडं केलं आणि विचारलं. मी चष्मा लावला. पुढून छाती अशी झाली होती की बघत राहावं. खांदे, पोटावरच्या पट्ट्या, गळ्याची कड, सगळं जिथल्या तिथे. मागे काहीच नाही. नुसती पोकळी आणि फायबरचे खरखरीत धागे.

“दुसऱ्या पिशवीत असेल,” मी म्हटलं.

दुसऱ्या पिशवीत दंडाचे आणि मांड्यांचे तुकडे होते. तेही फक्त पुढचे. चिलखत बाबलने केलं होतं. मी तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

“बाबल, पाठ कुठेय?”

“कोणाची?”

“चिलखताची! आणखी कोणाची?”

“पाठ?” तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. “पाठ कोण बघता गो?”

मी फोन ठेवला. सायलीने चिलखत हळूच परत सुलटं केलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी गिरगावात नाटकांचे कपडे पुरवते. सासऱ्यांनी सुरू केलेलं दुकान आहे. पेशवे, मावळे, इंग्रज साहेब, यमदूत, सगळे एकाच कपाटात गुण्यागोविंदाने लटकलेले असतात. हल्ली कॉस्प्लेवालेही येतात. कॉस्प्ले म्हणजे आवडत्या सिनेमातल्या पात्राचा हुबेहूब पोशाख करायचा आणि तो घालून स्पर्धेत उतरायचं. आधी मला हा पोरखेळ वाटायचा. मग पाहिलं, ही मंडळी आमच्या हौशी नटांपेक्षा जास्त मन लावून काम करतात. निदान फिटिंगला सांगितल्या वेळी येतात.

सायली डिलाईल रोडच्या चाळीत राहते आणि परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, “मला मूव्ही-ॲक्युरेट हवंय.”

“म्हणजे काय?”

“पडद्यावर दिसतं तस्संच. शिवणीला शिवण.”

तिने मोबाइलवर फोटो दाखवले. परदेशी सिनेमा, अंतराळातला. कुठल्याशा बर्फाच्या ग्रहावर एक पहारेकरी उभा आहे. मळकट पांढरं चिलखत आणि पायात गुडघ्यापर्यंत जाडजूड बूट. हेल्मेट तिने स्वतःच बनवलं होतं आणि झकास बनवलं होतं. अडलं होतं ते बूट आणि चिलखत.

मग न विचारताच तिने एक व्हिडिओ लावला. गेल्या वर्षीची स्पर्धा. हीच सायली स्टेजवर चालत येते. तिने साध्या गमबुटांना ऑइल पेंट मारून खाली थर्माकोलचे तळ चिकटवले होते. चार पावलांत डाव्या बुटाचा तळ सुटतो आणि मागेच राहतो. निवेदन करणारा माइकवाला तो उचलून धरतो आणि विचारतो, “हे कोणाचं राहिलं?” हॉल हसून लोळतो. तो व्हिडिओ हॉस्पिटलात फिरला, चाळीत फिरला. तेव्हापासून चाळीत तिचं नाव ‘बूटवाली’.

“आई म्हणते, शोभा झाली तेवढी पुरे, परत जाऊ नको,” सायली म्हणाली. “पण नाही गेले तर तोच व्हिडिओ शेवटचा राहील ना, ताई. मला त्याच स्टेजवर जायचंय. नंबर नाही आला तरी चालेल. फक्त कोणी हसायला नको.”

मला एकदम संताप आला. त्या माइकवाल्याचा असावा. “हसतात कसे तेच बघते,” मी म्हटलं आणि काम घेतलं. पोशाख पूर्ण बघितलाही नव्हता. माझा स्वभावच तसा आहे.

सुरुवात बुटांपासून केली. आमच्या नेहमीच्या चांभाराने चामड्याचा एक जोड करून आणला. उत्तम झाला होता, पण तो घालून सायली थेट सरदार दिसायला लागली. घोडा तेवढा द्यायचा बाकी होता.

मग मी फोटो मोठा करून बुटाचे तळ बघत बसले. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. सिनेमावाले कितीही अंतराळात गेले तरी बुटांचे तळ सहसा नवीन घडवत नाहीत. ते फार किचकट काम असतं. बाजारातला तयार बूट घ्यायचा, त्यावर चार पट्ट्या आणि दोन बकलं चढवायची, झाला अंतराळाचा बूट. म्हणून वरचं सगळं विसरायचं आणि तळ बघायचा. हा तळ जाड होता, खाली खोल खाचा होत्या. लेस नव्हती. वर फुगीर कॉलर आणि ती आवळायला दोरी.

असा बूट मी पाहिला होता. कुठे, ते आठवेना. डाळीला फोडणी देताना आठवलं. शिवडीला गोदामांच्या बाजूला मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथली माणसं दुपारी चहाला बाहेर येतात, भर उन्हात असले बूट घालून.

दुसऱ्या दिवशी शिवडी गाठली. गोदामांसमोर हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी शूज विकणारं दुकान आहे. मी मालकाला फोटो दाखवला. त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्या साडीकडे पाहिलं.

“मॅडम, ये तो फ्रीजर का बूट है. आपको मछली भरने का है क्या?”

“नहीं. बर्फ के ग्रह पे जाने का है.”

“फिर तो यही लगेगा,” तो गंभीरपणे म्हणाला आणि माळ्यावरून खोकं काढलं.

अहाहा! तोच तळ, तीच कॉलर, तीच दोरी. रंगही पांढरा, म्हणजे पेंट नको आणि पेंटचे पापुद्रे नकोत. मी दुकानातच टाळी वाजवली. अडचण एकच होती. हे बूट पुरुषांच्या मोठ्या मापातच येतात आणि सायलीचं पाऊल चिमुकलं. त्यावर नाटकातला तोडगा आहे. मोठ्या बुटाच्या आत तिच्या मापाचा कॅनव्हासचा बूट पक्का बसवला आणि भोवतीच्या जागेत फोम भरला. टाचेखाली थोडा जास्तच भरला, त्यामुळे उंचीही मिळाली. मग सँडपेपर घासून आणि काळं पॉलिश चोळून बूट मळकट केले. सायलीने ते घालून माझा जिना चढ-उतर केला, उड्या मारल्या. शेवटी खालचे शेजारी ओरडायला आले. तळ जागचा हलला नाही.

आता चिलखत. ते मी बाबलला दिलं होतं. बाबल लालबागचा मूर्तिकार. गणपतीच्या मोठ्या मूर्ती करतो आणि उरलेलं वर्ष मंडपांचे देखावे. फायबरमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. ती साच्यावर अंथरून वर रेझिन थापायचं, वाळलं की हलकं आणि टणक कवच निघतं. एकांकिका स्पर्धांच्या काळापासूनची आमची ओळख आणि तेव्हापासूनचीच आमची भांडणं.

त्या फोननंतर मी टॅक्सी केली आणि सायलीला घेऊन थेट कारखाना गाठला. गणपती तोंडावर आले होते. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबल परातीएवढ्या एका कानाला रंग देत होता.

“तुला पोशाख सांगितला होता,” मी सुरुवात केली. “अर्धा माणूस दिलास!”

“गो बाय, हळू बोल. रंग थरथरता,” तो म्हणाला. “मी काय केलंय? चोरी केलीय? फोटो दिलास, त्यात दिसली तेवढी छाती केली. माझ्या मूर्तीमागे पडदा असतो. आयुष्यात कोणी पाठ मागितली नाय.”

“ती मूर्ती नाहीये, मुलगी आहे! स्टेजवर गोल फिरवतात तिला. जज बघतात.”

“गोल कशाला फिरवायचं? विश्वास नाय?”

मी कपाळाला हात लावला. माणूस खोटं बोलत नव्हता. लालबागमध्ये वाढलेल्या, हयात समोरून दर्शन देणाऱ्या मूर्ती घडवलेल्या माणसाला मागची बाजू म्हणजे टेकायची जागा एवढंच माहीत. अशी चूक जगात दुसरीकडे कुठे झाली नसती.

“बरं, आता कर पाठ.”

“आता?” त्याने ब्रश खाली ठेवला. “आता बाप्पाशिवाय काही नाय. पाठीचा साचा बनवायचा म्हणजे आधी मातीत घडवा, मग साचा काढा, मग फायबर. ही सगळी मंडळी कोण रंगवणार? तू?”

तो बरोबर बोलत होता, म्हणून मला जास्तच चीड आली. सायली दाराशी उभी होती. “राहू दे ताई,” ती म्हणाली. “मी पाठीवर कापडी केप घेईन. फोटोत नाहीये, पण चालेल.”

चालणार नव्हतं. ते तिलाही ठाऊक होतं.

पुढचं वाक्य फेकायला मी तोंड उघडलं आणि नजर बाबलच्या मागच्या फळीवर गेली. घरगुती गणपती ओळीने मांडले होते. मोठ्या शिंपल्यात बसलेला गणपती असतो ना, दरवर्षी कोणी ना कोणी हमखास मागतं, तोच. मागे उभा शिंपला. खाली अरुंद, वर पसरट. खालून वर पंख्यासारख्या निघालेल्या जाड रेघा.

“सायली, सिनेमातला पाठीचा फोटो काढ.”

तिने काढला. सिनेमात पहारेकरी एकदाच पाठमोरा होतो. त्याचं चिलखत मागून कमरेशी निमुळतं, खांद्यांकडे रुंद, आणि खालून वर पंख्यासारख्या निघालेल्या रेघा.

तिने मोबाइल गणपतीच्या बाजूला धरला. आम्ही तिघं बघत राहिलो.

“आयला,” बाबल म्हणाला. “ह्यांनी आमचा शिंपला ढापला!”

“मोठ्या गणपतीच्या शिंपल्याचा साचा आहे?”

“साचा आहे का, असं काय विचारतंस? रबराचा आहे, माळ्यावर.” त्याची कळी खुलली होती. त्याने स्वतःच शिडी लावली. “पोरी, इकडे ये. उलटी उभी रहा. तुझी पाठ बघू.”

साचा तिच्या पाठीला लावला तर खांद्यापासून कमरेपर्यंत बरोब्बर. दोन बोटं काय ती जास्त. कामाच्या रगाड्यातून बाबलने फायबर थापून दिलं. वर म्हणाला, “हे बाप्पाच्याच कामात धरतो. आसन त्याचंच आहे.”

कडा मी कापल्या. छाती आणि पाठ बगलेत चामड्याच्या पट्ट्यांनी जोडली, ऐतिहासिक नाटकातली चिलखतं जोडतो तशीच. दंड-मांड्यांना मागून इलास्टिक आणि पांढऱ्या रेक्झिनच्या पट्ट्या लावल्या. सिनेमातही तिथे पट्ट्याच होत्या, हे नशीब. मग सगळं बुटांच्या रंगाला आणलं. सायलीने आरशाकडे पाठ केली आणि मान वळवून पाहिलं. मग मला मिठी मारली. चिलखताची कड मला चांगलीच लागली.

स्पर्धा परळच्याच हॉलमध्ये होती. मी तिसऱ्या रांगेत बसले. इतकी वर्षं पडद्यामागे काढली, पण समोर बसून एवढी धास्ती कधी घेतली नव्हती. तिचं नाव पुकारलं आणि तोच माइकवाला पुढे आला.

“ओळखलंत का? आपली बूटवाली! यंदा गोंद नीट लावलाय ना?”

हॉलमध्ये हशा उठला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

सायली आली. माइकवाल्यासमोर थांबली. उजवा पाय उचलून तिने असा काही आपटला की स्टेजच्या फळ्या दणाणल्या. मग डावा. माइकवाला एक पाऊल मागे सरला. हशा थांबला तो थांबलाच.

जजमध्ये सिनेमाच्या कॉस्च्यूम खात्यातला एक तरुण होता. टॅबवर सिनेमातले फोटो लावून तो एकेक भाग जुळवत होता. बुटांपाशी वाकला, तळ बघितला, मान डोलावली. मग म्हणाला, “प्लीज, टर्न अराउंड.”

ती वळली. दिव्यांचा उजेड त्या रेघांवर पडला आणि मागच्या रांगेतून कोणीतरी शीळ घातली. जज टॅबकडे बघे, पाठीकडे बघे.

“बॅक प्लेट कुठून इम्पोर्ट केली?”

हेल्मेटच्या आतून आवाज आला, “लालबागहून.”

“गणपती बाप्पा!” हॉलच्या दारातून आरोळी आली. मी वळून पाहिलं. ऐन हंगामात कारखाना सोडून बाबल आला होता, कोपरापर्यंत रंगाने माखलेला. आणि काय सांगू, तिथे जमलेले सगळे राक्षस, रोबो, निळ्या केसांच्या मुली एका आवाजात ओरडले, “मोरया!”

पहिला नंबर सायलीचा आला. ट्रॉफी देताना माइकवाला म्हणाला, “मॅडम, मागच्या वर्षीचं मनावर घेऊ नका हं.” ती म्हणाली, “घेतलं होतं. म्हणून तर आले.” मी इतक्या टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले.

पाठीची चूक कोणाची, यावर बाबलचं आणि माझं अजून जमत नाही. तो म्हणतो, पाठ सांगितली नव्हतीस. मी म्हणते, माणसाला पाठ असते हे सांगावं लागतं का? आता मी काहीही काम घेऊन गेले, अगदी फुलदाणीचं, तरी तो आधी विचारतो, “पाठ होई काय गो?” पाठ हवी का म्हणे! धडा म्हणाल तर एवढाच: बूट घेताना आधी तळ बघावा, आणि लालबागला काम देताना पाठीचं वेगळं बोलून घ्यावं.

चाळीत सायलीला अजून बूटवालीच म्हणतात. फक्त आता बूट बघायला लोक तिच्या घरी येतात, आणि तिची आई त्यांना आधी पाय धुऊन यायला सांगते.