सीमेवर पाय कोणी दिलाच नाही

मंडळी, आत्ताच सौंसरहून सासूबाईंना घेऊन परत आली अन् चहा ठेवायच्या आधी हे लिहून राहिली.

खरं सांगते, आधुनिक कला म्हटलं की मला झोप येते. आज नाही आली.

तिथे बाहेरगावच्या एका चित्रकार मुलीचं प्रदर्शन होतं. हॉलच्या जमिनीवर तिने छप्पन साली पडलेली, आताची महाराष्ट्र-मध्य प्रदेशची सीमा रांगोळीने काढली होती. एका बाजूला नरखेड, नागपूर. दुसऱ्या बाजूला पांढुर्णा, सौंसर. शेजारी पाटी: "रेघेवरून चाला, सीमा पुसून टाका."

पण दुपारपर्यंत रेघ जशीच्या तशी! सगळे भिंतीच्या कडेकडेने जाऊन राहिले होते. मुलीचा चेहरा उतरला. "लोकांना माझं काम आवडलं नाही का हो?"

सासूबाईंचं माहेर नरखेड. त्या लग्न होऊन पांढुर्ण्यात आल्या अन् त्याच साली माहेर दुसऱ्या राज्यात गेलं.

त्या म्हणाल्या, "पोरी, रांगोळीवर कोणी पाय देते का? आण इकडे थोडी."

गुडघे धरत खाली बसल्या अन् रेघेला दोन्हीकडून पानं-फुलं काढली. त्यांचं पाहून बाकीच्या बायाही बसल्या. बघता बघता सीमेची वेल झाली!

कौतुक त्या मुलीचंही. तिने कोणाला अडवलं नाही. पाटी काढली अन् स्वतःच मांडी घालून बसली.

"आजी, नरखेडकडच्या फुलांत कोणता रंग भरू?"

"पांढुर्ण्याकडे भरला, तोच."

तुमच्या घरात कोणाचं माहेर त्या बाजूला आहे? उद्या घेऊन जा त्यांना. वेल अजून पुरी झाली नाही.