बाबांची गाणी आणि माझा सर्व्हर

चहा ओतून घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला चहा विचाराल की नाही, शंकाच आहे. स्वतःच्या हातानं घराचं वाटोळं करणारे पुष्कळ असतील हो, पण त्यासाठी आधी व्हिडिओ बघून-बघून रीतसर शिक्षण घेणारा आमच्या अख्ख्या रिठद गावात मी एकटाच!

मी वाशिमला एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करतो. तो पोटाचा धंदा. जिवाचा धंदा म्हणजे घरचा सर्व्हर. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला संगणक उचलून आणला, धूळ झाडली, दोन हार्ड डिस्क बसवल्या, विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं आणि टीव्हीखालच्या फळीवर त्याची स्थापना केली. त्याचं काम काय? घरातल्या मोबाईलमधले फोटो-व्हिडिओ आपोआप त्याच्यात जाऊन बसायचे. बस्स! पण माझा तोरा असा, की जणू जिल्ह्याचं सगळं इंटरनेट आमच्या टीव्हीखालूनच निघतं.

उन्हाळ्यात तो तापायला लागला, तर घरातला एकुलता एक कूलर मी त्याच्याकडे वळवला. आई पदरानं वारा घेत म्हणाली, "काहून रे विशाल, मशीनले घाम येते का?"

"आई, त्याच्यात आपला सगळा डेटा हाये."

"अन् इथी तुही माय हाये!"

मी कूलर फिरवला नाही. आता कळलं ना, कोणत्या जातीचा मूर्ख तुमच्यासमोर बसलाय?

माझे बाबा भीमगीतं गायचे. दुसऱ्यांची नाही, स्वतः जोडलेली. शेतातून आले की हातपाय धुवून ओसरीवर बसायचे, शेजारचे उत्तमकाका ढोलकी घेऊन यायचे आणि मैफल सुरू! कागदावर मात्र बाबांनी कधी एक ओळ उतरवली नाही. सगळं तोंडपाठ. त्यामुळे बाबा गेले तेव्हा ती गाणी उरली फक्त आईच्या मोबाईलमध्ये. तिनंच काढलेले व्हिडिओ. कुठे बाबांचं डोकंच कापलेलं, कुठे नुसतं छप्पर, पण आवाज खणखणीत. रोज भाकरी थापताना आई ते लावायची.

एक दिवस तिचा मोबाईल अडकायला लागला.

"पाह्य बरं याले काय झालं. मावशीचा फोन येते, अन् उचलताच येत नाही मले."

मी पाहिलं. मोबाईल गच्च भरलेला. म्हटलं, "हे व्हिडिओ सर्व्हरवर गेले हायेत. इथले उडवून टाकतो."

"तुह्या बाबाचे नको उडवू."

"अवं, तिकडं हायेत ना! टीव्हीवर लावून देईन तुले. मोठे दिसतीन."

"मोठे कायले पाह्यजे? हे माह्या हाती लागते. बटन दाबलं का बोलते तो."

मी हसलो. हो, हसलो! म्हटलं, "आई, डिस्क एक नाही, दोन हायेत. एक मेली तं दुसरी. आपलं काही जाऊच शकत नाही."

आणि तिच्या देखत सगळे व्हिडिओ एकदम निवडले आणि उडवले. वर मोबाईलची कचरापेटीही झाडून काढली. मोबाईल पळायला लागला. आई तो हातात नुसता उलटापालटा करत राहिली.

आता माझी अक्कल ऐका. मोबाईल आणि सर्व्हर, दोन्हीकडे कायम सारखंच असावं, अशी सोय मीच लावली होती. मोबाईलमध्ये आलं की सर्व्हरवर येणार. आणि मोबाईलमधून गेलं की? सर्व्हरवरूनही जाणार! मग दुसरी डिस्क? ती तर पहिलीची नक्कल! पहिलीतून गेलं की त्याच क्षणी तिच्यातूनही साफ. उडवलेलं काही दिवस जपून ठेवण्याची एक सोय सर्व्हरवर असते, ती मी "कचरा कशाला साठवायचा" म्हणून कधीच बंद केली होती. म्हणजे चोराला एकही कुलूप तोडावं लागू नये, इतका चोख बंदोबस्त!

बरं, मला पत्ता होता का? छे! आईला टीव्हीवर लावून द्यायचं आज-उद्या करत राहूनच गेलं होतं. सर्व्हरवर एकाएकी भरपूर जागा मोकळी दिसली, तर मी खूश. वा, म्हटलं, काय झकास चाललंय! त्या जागेत लिनक्सचे आणखी चार प्रकार उतरवून ठेवले. कशासाठी? कशासाठीच नाही. हौस!

भीमजयंती जवळ आली. उत्तमकाका घरी आले, उंबऱ्यावरच बसले.

"विशाल, यंदा मंचावर तुह्या बाबाचं गानं लावू. मी बाजूले बसून ढोलकी वाजवतो. जमन का?"

"जमन म्हनजे? सर्व्हरवर हाये सगळं. तुमी निवांत राहा काका."

काकांनी भोंग्यावरून गावभर सांगून टाकलं, "यंदा दादा सोता गानार!" बाबांना अख्खं गाव दादाच म्हणायचं. आईनं पांढरी साडी धुवून, घडी करून उशाखाली ठेवली.

आणि मी? मी जयंतीच्या दिवशी दुपारी पेन ड्राईव्ह घेऊन बसलो. आईच्या व्हिडिओंचं फोल्डर उघडलं. रिकामं. बंद करून पुन्हा उघडलं. रिकामं! दुसरी डिस्क पाहिली. तिच्यातलंही तितकंच रिकामं, अगदी हुबेहूब! कूलरच्या वाऱ्यात मला दरदरून घाम फुटला.

मग उडालेलं परत काढायचं सॉफ्टवेअर लावलं. ते बिचारं तासन् तास उकरत बसलं. काय सापडणार? बाबांच्या जागेवर मी लिनक्स निजवलं होतं! पण सगळ्यात शेवटी एक फाईल वर आली. नाव बरोबर, लांबी बरोबर. लावली. बाबा! ओसरीवर बसलेले. खाकरले, मोबाईलकडे पाहून म्हणाले, "आवाज बराबर येऊन राह्यला का?"

मला रडू फुटलं. एक तर एक, पण वाचलं! तेवढ्यात बाहेरून काकांची हाक आली, "अरे चाल ना बापा, लोकं येऊन बसले!" मी फाईल पेन ड्राईव्हवर टाकली आणि धावलो. पुढचं ऐकून पाहिलं का? नाही! तज्ज्ञ माणसानं कशाला तपासायचं?

चौकात ही गर्दी. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत. काका मंचावर ढोलकी घेऊन बसलेले. मी बटण दाबलं. पडद्यावर बाबा आले. बाबा खाकरले आणि भोंग्यातून विचारलं, "आवाज बराबर येऊन राह्यला का?"

अख्खा चौक ओरडला, "हो दादाऽऽ!"

काकांनी थाप मारली. आणि भोंग्यातून आली नुसती खरखर. पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन. काकांना वाटलं, आता येईल. ते ठेका धरून वाट पाहत राहिले. एकटीच ढोलकी वाजत राहिली हो, शब्द नाही, सूर नाही. मग त्यांचा हात मंदावला. मग थांबला.

मी काय करावं? माईक घेतला! आणि गावाला समजावून सांगायला लागलो, "मंडळी, फाईलचा पुढचा भाग ओव्हरराईट झाल्यामुळे…"

"बाकीची गानी लाव," काका हळूच म्हणाले.

"गेली, काका."

"कोनती?"

"सगळी."

काकांनी ढोलकीवर कापड टाकलं. "मी नुसता ठेका धरत होतो रे," म्हणाले, "बोल त्याच्यापाशी होते."

आई माझ्यापुढे चालत घरी आली. ओसरीवर टेकली. मी पाय धरले. "आई, शिव्या दे, मार मले."

"तुह्यावर कायले रागावू?" ती म्हणाली. "तो जिता होता तवाबी असंच होतं. तो खाकराचा, 'आवाज येऊन राह्यला का' म्हनाचा, अन् तू अंदरून वरडाचा, 'बाबा, बंद करा, मी कॉम्प्युटरवर हाये!' तो तिथंच थांबाचा. म्हनून तं तू वाशिमले गेल्यावर मी व्हिडिओ काढाची."

मग तिनं टीव्हीखालच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं.

"मशीन तुह्यावरच गेली."