लोणारच्या कड्यावरून लाकडी फळीवर

एक्स-रेची काळी फिल्म डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडासमोर धरून बघितली. मग म्हणाले, "किती उंचीवरून पडलात?"

"तीनशे फूट," मी म्हणालो.

खरं म्हणजे मी वीस फुटांवरून पडलो होतो. आमच्या अमडापूरच्या बाजारातल्या कडुलिंबाच्या झाडाएवढी उंची. पण माझ्या जिभेला लहानपणापासून वीस म्हणता येत नाही.

"तीनशे फुटांवरून पडलेला माणूस मला उत्तरं देत नसतो," डॉक्टर म्हणाले. ते कोकणातले, शांत, हळू बोलणारे. "कमरेचा पहिला मणका दबलाय. याला कॉम्प्रेशन फ्रॅक्चर म्हणतात." म्हणजे काय, तर भरल्या पोत्यावर कुणी वरून धपकन बसलं की ते जसं चपटं होतं, तसा मणका चपटा होतो. त्या मणक्यामागून स्पायनल कॉर्ड जाते. ती मेंदूपासून खाली जाणारी दोरी. तिला किती मार बसला ते आज सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

माझे दोन्ही पाय खाटेवर पडले होते, पण ते माझे आहेत असं वाटत नव्हतं. कुणीतरी विसरून गेल्यासारखे ते तिथं होते.

"चालता येईल का?"

"माहीत नाही."

माझी बायको सुमन खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघू लागलो.

हे लिहितोय ते ज्यांच्या घरात असं काही होईल त्यांच्यासाठी. मी दवाखान्यात जे शिकलो ते उशिरा शिकलो. तुम्ही लवकर शिका.

माझा धंदा मंडपाचा. लग्न, भागवत सप्ताह, पुढाऱ्याची सभा, जिथं म्हणाल तिथं बांबू रोवून छत ताणायचं. महाराष्ट्र राज्य नवीन होतं, होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, सभांना तोटा नव्हता. माझ्यासोबत भागीदार शेषराव. आम्ही एका वर्गात नापास झालेलो. एका लग्नात वावटळ आली आणि छताचा दोर माझ्या हातात असताना मंडपानं मला उचललं. मी सांगतो, देवळाच्या कळसापर्यंत गेलो. शेषराव सांगतो, गुडघाभर. पण उचललं, हे दोघंही सांगतो.

तेव्हापासून डोक्यात किडा. औरंगाबादेच्या जुन्या बाजारातून मी लष्कराचं टाकून दिलेलं पॅराशूटचं कापड आणलं, उसवलं, मंडपाच्या छतासारखं लांबट शिवलं आणि दोर लावले. आमच्याकडे एक रिटायर फौजी होता. तो समुद्रकाठी नोकरी करून आलेला. त्यानं सांगितलं होतं की समुद्राचं वारं कड्याला धडकून वर चढतं आणि तिथं घारी पंख न हलवता लटकून राहतात. आता आमच्याकडे समुद्र कुठून आणायचा? पण लोणारचं सरोवर आहे. पाणी खारं आहे, काठ आहे, भोवताली उभा कडा आहे. लाटा तेवढ्या नाहीत. आम्ही गरिबाघरचा समुद्र म्हणून चालवून घेतला.

लोणारला एका सभेचा मंडप सोडत होतो तेव्हा मी चहाच्या टपरीवर फुशारकी मारली. एक जण म्हणाला, "रंगूभाऊ, तोंडानं तं सारेच उडतात." झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कड्यावर.

जागा कठीण होती. समोर खोल दरी आणि खाली पाणी, मागे दगड आणि बोरीची काटेरी झुडपं, पळायला जेमतेम बारा पावलं. वारं खालून छातीवर येत होतं. गड्यांनी छत उचलतात तसं कापड डोक्यावर धरलं. मी पळालो. कापड भरलं, दोर ताणले, पायाखालची जमीन सुटली. खाली हिरवं पाणी. मी हवेत होतो. मी आजवर अर्धा तास सांगत आलो. शेषराव म्हणतो, विडी पेटवायला लागते तेवढा वेळ.

मग कापडाची एक बाजू मिटली. वाऱ्यानं मला फिरवून कड्याच्या मागे फेकलं आणि मी ढुंगणावर, सरळ दगडांत आपटलो. दरीत गेलो असतो तर हे लिहायला नसतो.

शेषराव धावत आला. मी म्हणालो, "मले पाय नाही राह्यले बे."

तो हसला. त्याचं चुकलं नव्हतं. वरवट बकालच्या एका लग्नात जमीन खडकाळ होती, पन्नास खड्डे खोदायचे होते. तेव्हा मी तोंडाला साबणाचा फेस लावून साप चावल्यासारखा पडून राहिलो होतो. खड्डे संपल्यावर उठलो. तो फेस शेषराव विसरला नव्हता.

"वरवटलेही असंच म्हणला होता तू. ऊठ बे, नाटक पुरे," असं म्हणत त्यानं काखेत हात घालून मला उभं केलं. माझे पाय मंडपाच्या ओल्या कनातीच्या कापडासारखे खाली मिटले. कमरेत असं काही झालं की मी बोंबललोही नाही. तेव्हा त्याला कळलं, हे नाटक नाही.

म्हणून सांगतो, पाठीवर पडलेल्या माणसाला कधीही उठवून बसवू नका, उभा करू नका. तो कितीही खोटारडा असला तरी.

त्यानंतर मात्र शेषरावानं जे केलं ते डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतलं. मंडपाची शिडी आणली, तिच्यावर गादी टाकली, चौघांनी मला एकदम आडवं उचललं आणि बांबू बांधतात तशा गाठी मारून कपाळापासून घोट्यापर्यंत बांधलं. एकही गाठ बुलढाण्यापर्यंत ढिली झाली नाही. ट्रकमध्ये सरकीच्या पोत्यांवर शिडी ठेवून आणली. वॉर्डबॉयला गाठी सुटेनात, शेषरावालाच बोलावावं लागलं.

वॉर्डमध्ये माझ्या खाटेवर गादीखाली लाकडी फळी होती. उताणं पडायचं आणि हलायचं नाही. दर दोन तासांनी चौघं येऊन, त्यात सुमनही, मला ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचे, नाहीतर बेडसोअर होतात. एकाच जागी दाब पडून चामडी सडते, त्याला हे नाव. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे रबरी नळी. मी आयुष्यभर लोकांना छताखाली बसवलं. आता मी छताखाली पडलो होतो आणि त्या छताला किती चिरा आहेत ते मला पाठ झालं होतं. सत्तावीस. हा आकडा खरा आहे.

शेषराव रोज यायचा. आत येत नव्हता. व्हरांड्यात उकिडवा बसायचा आणि जायचा.

रोज सकाळी डॉक्टर एक सेफ्टी पिन घेऊन यायचे. पायाला हलकी टोचायची आणि विचारायचं, "जाणवलं?" त्यांनी समजावलं होतं की स्पायनल शॉक म्हणून एक अवस्था असते. मार बसल्यावर दोरी काही दिवस बधिर होते, सारं बंद. ती ओसरली की किती वाचलंय ते कळतं. सुधारणा दिसली तर असंच पडून राहायचं. नाही दिसली तर नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं आणि ऑपरेशन करायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील.

तीन दिवस मी "नाही" म्हणालो. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सुमन चादरीची घडी करत होती. तिचे हात थांबले. मला तिचे ते थांबलेले हात दिसले आणि तोंडातून निघालं, "हो, जरासं."

तिनं चादर तोंडाशी धरली. शेगावला अनवाणी चालत जाईन असा नवस तिनं तिथल्या तिथं बोलला.

आता पाचव्या दिवशी "नाही" कसं म्हणणार? मी अंगठ्यावरून बोटांवर आलो, बोटांवरून तळव्यावर. बाराव्या दिवशी मी घोट्यापर्यंत पोचलो होतो. बसल्या जागी, म्हणजे निजल्या जागी, माझ्या तोंडानं माझे पाय बरे करत आणले होते. रोज तिला जरा जास्त द्यावं लागायचं. आणि ती बाहेर गेली की मी त्या पायांकडे बघायचो. तिथं काहीच नव्हतं.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "जाणवलं?"

"हाव. चांगलंच टोचलं."

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे. पिन त्यांच्या कोटाच्या खिशाला लावलेली होती.

"मी टोचलंच नाही," ते म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. "तुमच्या शब्दावर मी नागपूरला पाठवणं थांबवलं. एक्स-रेत हाड दिसतं, संवेदना दिसत नाही. ती फक्त तुम्ही सांगायची असते. या आठ दिवसांतला कुठला 'हो' खरा?"

"एकही नाही."

सुमननं चादरीची घडी पुरी केली, उशाशी ठेवली आणि व्हरांड्यात गेली. त्या दिवशी मला वळवायला ती आली, पण बोलली नाही. नागपूरला निरोप गेला. गाडीला दोन-तीन दिवस लागणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर माशी बसली.

म्हणजे मला वाटलं. मग ती चालली. मला तिचं चालणं कळत होतं. मी श्वास धरला. मान उचलायची मनाई होती, त्यामुळे बघता येत नव्हतं.

"सुमन, डाव्या अंगठ्यावर माशी बसली."

ती माझ्याकडे पाठ करून भांडं विसळत होती. "हाव," ती म्हणाली, "आन् उजव्यावर मोर."

"खरंच वो."

"तुमचं खरंच मले पाठ हाय."

तिनं वळून बघेपर्यंत माशी उडाली. मी सिस्टरला सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी व्हरांड्यातल्या शेषरावाला हाक मारली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा आत आला, माझ्या पायाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "रंग्या, आता नको बे. मले सोसवत नाही."

मला लोकांनी कधीच खरं मानलं नव्हतं आणि त्यात माझी मजाच होती. पण त्या दुपारी माझ्याजवळ एकच खरी गोष्ट होती, माशीएवढी, आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. गाडी आली की मला उचलून नेणार होते. मी रडलो. तेही कुणी खरं मानलं असेल असं नाही.

सकाळी डॉक्टर आले. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, ना हो ना नाही. तेव्हा सुमन पुढं झाली. "डॉक्टरसाहेब, यायचे डोये बांधा. कधी टोचा, कधी नका टोचू. मंग पाहू."

तिनंच टॉवेल बांधला, घट्ट. शेषराव बाजूला उभा राहिला. डाव्या पायाला दहा वेळा विचारलं. मी सहा वेळा "हो" म्हणालो, चार वेळा "नाही".  मग उजवा.

उजव्याच्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. डॉक्टर टोचायला वाकले की त्यांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप खाटेच्या लोखंडी दांड्याला लागत होता. टक. नुसतं विचारायचे तेव्हा वाकत नव्हते, आवाज होत नव्हता. मला पायात काहीच कळत नव्हतं, पण कानानं सारं कळत होतं. दहापैकी दहा बरोबर सांगता आले असते. दोन्ही पाय बरे होत आले असं सुमनला ऐकवता आलं असतं, आणि ह्या वेळी तिनं ते मानलं असतं.

टक.

"जाणवलं?"

"नाही."

टक.

"नाही."

दहाही वेळा मी "नाही" म्हणालो. इतका जड शब्द मी कधी उचलला नव्हता.

सुमननं टॉवेल सोडला. "डावा दहाच्या दहा बरोबर," डॉक्टर म्हणाले. "डावा पाय जागा होतोय. उजव्याचं आज काही सांगता येत नाही."

"ह्या बारीला खरं बोलले," सुमन त्यांना म्हणाली. "तुमच्या नळीची टकटक मले इथी ऐकू आली. यायले आली नसन काय?"

डॉक्टर स्टेथोस्कोपकडे बघत राहिले. मग त्यांनी तो काढून खिशात ठेवला. नागपूरची गाडी थांबवली.

पुढचे महिने मी सांगत बसत नाही. फळीवरून प्लास्टरच्या जॅकेटमध्ये, जॅकेटमधून कुबड्यांवर. डावा पाय परत आला. उजव्याला कॅलिपर आहे, म्हणजे बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या. तो मी टाकतो तिथं पडतो, स्वतःहून जात नाही. शेषरावानं एकदा डॉक्टरांना विचारलंच, मी उभं केलं म्हणून हा पाय गेला का? डॉक्टर म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या शिडीमुळे दुसरा वाचला असेल, तेही सांगता येणार नाही." शेषराव दोन्ही वाक्यं घेऊन घरी गेला. अजून त्याच्याजवळ आहेत.

त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे, दर दोन तासांनी मला वळवणाऱ्या चौघांचे उपकार मी फेडू शकत नाही. सुमन अनवाणी शेगावला जाऊन आली. अर्धा नवस, ती म्हणाली, डाव्या पायापुरता.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टर विचारतील तेव्हा घरच्यांच्या चेहऱ्याकडे बघू नका. पायाकडे लक्ष द्या आणि जे आहे तेच सांगा.

आता गावात माझं उडणं तीनशे फुटांचं झालंय. मी वीस फूट सांगतो तर पोरं म्हणतात, काका लपवून राह्यले. मी काही करू शकत नाही.

सकाळी चहाच्या आधी सुमन मंडप शिवायचं दाभण घेऊन पायाशी बसते. मी डोळे मिटतो. कधी ती उजव्या अंगठ्याला टोचते, कधी नुसतीच बसून राहते. काय केलं ते सांगत नाही. "जाणवलं?" विचारते. मी म्हणतो, नाही. ती दाभण डबीत ठेवते आणि चुलीकडे जाते.

ज्या दिवशी मी हो म्हणेन, त्या दिवशी ती पुन्हा टोचून बघणार नाही. तशीच मानेल.