फ्रिजवरचा तक्ता

लिफ्टमध्ये कुणाच्या अंगाला उदाच्या अत्तराचा वास आला की मी अजून पुढच्याच मजल्यावर उतरते. शारजात, अल नहदा भागातल्या एका क्लिनिकमध्ये मी नर्स होते. ईदच्या सुट्टीत लसींचा फ्रिज बंद पडला आणि आतल्या सगळ्या लसी कोमट होऊन निकामी झाल्या. सुट्टी संपून क्लिनिक उघडलं, नेमकी त्याच सकाळी आरोग्य खात्याची तपासणी. फ्रिज पुन्हा चालू करून मॅनेजर म्हणाला, "यल्ला सिस्टर, टेंपरेचर का चार्ट भर डालो, खलास." मी भरला. खरा वाटावा म्हणून तीन वेगवेगळ्या पेनांनी, कुठे चार अंश, कुठे पाच. तपासणीच्या बाईंच्या काळ्या पायघोळ अबायाला तोच अत्तराचा वास होता. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि फ्रिजचं दार न उघडताच म्हणाल्या, "व्हेरी नीट!" मी चक्क थँक्यू म्हटलं. शी! दुपारी रत्नागिरीची एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. टोचून झाल्यावर त्याला थोपटत तिने विचारलं, "सिस्टर, आता काळजी नाही ना?" मी म्हटलं, "नाही." फ्रिजचं दार उघडलं नाही म्हणून त्या तपासणीवाल्या बाईंच्या नावाने मी इतकी वर्षं बोटं मोडतेय. दुपारी ते दार मीच उघडलं होतं.