तारेच्या टोकाचा स्वर

पहिल्यांदा ऐकू आली तेव्हा मी उठून गॅस बंद करायला गेले. कुकर लावलेलाच नव्हता. शेजारणीचा असेल म्हणून तिलाही हाक मारून झाली. मग कळलं, शिट्टी माझ्याच कानात वाजते आहे. बारीक, उंच, न थांबणारी. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे दिवसभर घरात आणि बोलायला मोकळे. म्हणाले, "कान साफ करून घे. नाहीतरी माझं कुठे ऐकतेस तू!" त्या दिवशी मी त्यांना दुपारचा चहा दिला नाही.

डॉक्टरांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. दोन्ही कान जाताहेत म्हणाले, उंच स्वर आधी जातील, बाकीचे मागाहून. इथे हिंदी मुलखात, दूधविनायकाच्या गल्लीत व्हायोलिन शिकवण्यात माझा जन्म गेला. आता स्वरच गेले तर करू काय मी? पापड लाटू? घरी परतताना मागून मोटारसायकल आली, ती अंगाला घासून गेली तेव्हा समजली. भिंतीला टेकून मी चालवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण खरं सांगते, उरलेली वाट दर दोन पावलांनी मागे वळून बघत चालले.

मग मी हट्टाला पेटले. चौघांनी मिळून वाजवायची एक रचना बांधायला घेतली. दोन व्हायोलिन, एक सारंगी, एक दिलरुबा. सगळं माझंच आयुष्य. बालाजी घाटावरच्या माहेरच्या सकाळी, लग्न, शिकवणीतला कालवा. आणि शेवटी, सगळे ऐन रंगात आलेले असताना, ती शिट्टी. बोट सरकवत सरकवत मी तिचा नेमका स्वर शोधला होता, तारेच्या पार टोकाला, जिथे बोटाला जागाच उरत नाही. तेव्हा कानातला आणि तारेवरचा, दोन्ही ऐकू येत होते. माझ्या डोक्यात काय चाललंय ते लोकांना एकदा कळू दे, आणि कान जायच्या आत मला ते चौघांच्या हातून ऐकू दे, एवढंच मागणं होतं. रोज सकाळी उठले की आधी टाळी वाजवून बघायची. ऐकू आली की देवाला हात जोडायचे आणि दूध तापवायला घ्यायचं.

रचना बसेपर्यंत थंडी आली. तालीम आमच्याच बैठकीत. आमच्याकडे एक शिस्त आहे, माझ्या गुरूंपासून चालत आलेली. शिकवणाऱ्याने ज्याच्यासाठी हात वर केला, त्याने तो खाली येईपर्यंत तारेवरचा गज थांबवायचा नाही, मग काही का होईना. पहिले भाग झाले. सारंगी अशी काही लागली की माझेच डोळे भरले. मग मी हात वर केला, बाकीचे तिघे ठरल्याप्रमाणे गप्प झाले. तो स्वर माझ्या सगळ्यात जुन्या शिष्येच्या वाट्याला होता.

काहीच नाही. नुसती माझी शिट्टी.

"झोपलीस का गं?" मी खेकसले. "वाजव की!"

तिने गोंधळून पाहिलं. "बजा तो रही हूँ, ताई."

"मग आवाज कुठाय? दाब गज!"

तिने दाबला. गज या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता, तारेवरून गजाला लावलेल्या राळेची पांढरी पूड उडत होती. दिलरुबावाल्याने खांदा वर करून कान झाकला. समोरच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. माझा हात वरच. मी स्वर सुरू व्हायची वाट बघत होते. हात काही खाली घेववेना.

हे आतून धावत आले. कानावर हात, चेहरा पांढराफटक. "बंद कर गं बाई ते!"

शिष्येने माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो खाली घेतला. गज थांबला. माझ्या कानात काही फरक पडला नाही.

हे शेजारी येऊन बसले. एरवी चेष्टेशिवाय बोलायचे नाहीत, आता शब्द जुळवत होते. "हे असं... दिवसभर वाजतं तुझ्या कानात?"

"हो."

"मला आज कळलं गं." त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मी त्यांनाच विचारलं, "बरोबर लागला होता का हो? मला ऐकू आला नाही."