सात महिने कच्चा कैदी

ती गोष्ट आठवली की आजही माझाच मला राग येतो.

अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला भलताच भाव आला होता. अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्यांची रीघ लागलेली. बैलजोड्या मिळेनात, त्यामुळे बैलचोरीची फिर्याद आली की आम्ही पोलीस लगेच धावायचो. मी तेव्हा फौजदार होतो. दसऱ्याच्या सुमारास एका व्यापाऱ्याचा हरवलेला बैल नांदगाव पेठेजवळ एका माळ्याच्या मळ्यात बांधलेला सापडला. माळ्याला मी धरून आणलं.

तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता. बैल मोकळा फिरत होता, आणि रस्त्यानं जाणाऱ्या हिवरखेडच्या दोन गाडीवानांनीच त्याला म्हटलं, बांधून ठेव, मालक येईल. हाकिमांनी गाडीवानांच्या नावे समन्स काढलं. शिपाई हिवरखेडला जाऊन हात हलवत परत आला. तारीख पुढे गेली. पुन्हा समन्स, पुन्हा घराला कुलूप, पुन्हा तारीख. माळी कच्चा कैदी म्हणून तुरुंगातच. खरं सांगायचं तर मी त्याला विसरूनही गेलो होतो.

सात महिन्यांनी तुरुंगाच्या जमादाराचा निरोप आला, "तुमचा माळी कबूल करतो म्हणते." मी खूश! लगेच गेलो.

"बैल कसा सोडला?" मी विचारलं.

"दावं कापलं, साहेब. इळ्यानं."

मी पंचनामा उघडला. माझ्याच हातचा. बैलाच्या गळ्यात दावं अख्खं, टोकाला उपटलेली खुंटी. म्हणजे बैल आपणच खुंटी उपटून पळाला होता. हे मीच लिहिलं होतं, आणि पुन्हा वाचलं मात्र नव्हतं.

"काहून खोटं बोलतं रे?" मी ओरडलो.

"चोरीले चार महिने देतात म्हणे. मले सात झाले," तो शांतपणे म्हणाला. "शिक्षा झाली त सुटाचा दिवस त समजन. बायको एकटी मोट हाकून राहिली, साहेब. लोक चोर म्हणतीन, म्हणू द्या."

मला त्याच्याकडे बघवेना. निर्दोष माणूस जन्माचा डाग लावून घ्यायला तयार झाला होता, तोही आमच्या ढिलाईपायी.

मग डोकं चाललं. कापसाच्या दिवसांत गाडीवान घरी सापडेल कसा? पण बैलांना नाल ठोकायला त्याला थांबावंच लागतं. आमच्या ठाण्यासमोरच्या नालबंदाकडे मी स्वतः बसलो, येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला नाव-गाव विचारत. पाचव्या दिवशी दोघंही आले.

"समन्स?" त्यातला थोरला हसला. "घरी कोन रायते, साहेब? आमी दसऱ्यापासून गाडीवरच. हो, आमीच म्हटलं त्याले बैल बांधाले."

दुसऱ्याच दिवशी साक्षी झाल्या. पानाला चुना लावून होईतो माळी निर्दोष सुटला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत, कोणत्याही ठाण्यावर गेलो तरी, आधी विचारायचो: आत कोण आहे, आणि केव्हापासून? गुन्हा काय, ते मागाहून.

सुटला त्या दिवशी कचेरीबाहेर माळ्यानं मला हात जोडले. गाडीवान कुठं सापडले, ते त्यानं साक्षीत ऐकलं होतं. मग शेजारच्या ठाण्यासमोर नालबंदाचा हातोडा चालला होता, तिकडे बघत म्हणाला, "हा मानूस नवा आला का इथं?"

"नाही," मी म्हणालो. "वीस वर्षांपासून इथंच आहे."

त्यानं मान हलवली आणि मळ्याकडे चालू लागला.